शिंजीर आणि त्याचं उसनं नाव



पार्ल्यातल्या आमच्या गॅलरीत जास्वंदीची कुंडी आहे. एका सकाळी शेजारची मुलगी ओरडली, ‘‘काका, हमिंगबर्ड आला!’’ मी नुसती मान डोलावली. कारण मुलांसाठी लिहिलेल्या एका जुन्या कवितेत मीही हीच चूक केली होती. आज ती दुरुस्त करतो.

हमिंगबर्ड आपल्याकडे नाही. त्याच्या साडेतीनशेच्या आसपास जाती आज फक्त उत्तर व दक्षिण अमेरिकेत आणि तिथल्या बेटांवर आढळतात. तो हवेत एका जागी तरंगत मध पितो, मागेसुद्धा उडतो. छोट्या जातींचे पंख सेकंदाला पन्नासहून अधिक वेळा हलतात. शक्ती वाचवण्यासाठी थंड रात्री तो अंग गार करून निपचित पडतो.

आपला पक्षी शिंजीर, म्हणजेच सूर्यपक्षी. वजन जेमतेम दहा ग्रॅम. तो बहुधा देठावर बसूनच मध पितो. हमिंगबर्ड पाकोळीच्या नात्यातला, तर शिंजीर चिमणीच्या गणातला. मग दोघे सारखे का दिसतात? नळीसारख्या फुलाच्या तळाशी पोचायला दोघांनाही लांब चोच आणि लांब जीभ लागली. गरज एक, म्हणून रूपही एक. गंमत म्हणजे, जर्मनीत हमिंगबर्डचे सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म सापडले. २००४ मध्ये त्यांची ओळख पटली. म्हणजे कधीकाळी तोही युरोपात नांदत होता.

अशा मध पिणाऱ्या पक्ष्यांकडे बारकाईनं पाहिलं ते एका मुंबईकरानं. सलीम अली यांचा जन्म १८९६ चा. पोरक्या सलीमला मामांनी खेतवाडीत वाढवलं. १९३० मध्ये ते जर्मनीहून शिकून परतले, तर इथली नोकरी गेलेली! मग अलिबागजवळच्या किहीमला राहून त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. १९३२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी भारतातली फुलं आणि पक्षी यांच्या नात्यावर दीर्घ लेख लिहिला. आंब्यावरच्या बांडगुळाच्या फुलात शिंजीर चोच घालतो, तेव्हा परागकण त्याला चिकटतात आणि पुढच्या फुलावर पोचतात. मधाची किंमत तो अशी चुकती करतो.

पुढं आमच्याच गॅलरीतल्या तारेवर शिंजिराच्या मादीनं कोळ्याच्या जाळ्यानं पिशवीसारखं घरटं विणलं, दारावर छोटी पडवीही काढली. नेमकी तेव्हाच इमारतीची रंगरंगोटी निघाली. अंडी उबायला साधारण पंधरा दिवस, पिल्लं उडायला आणखी दोन-अडीच आठवडे. रंगाऱ्यांना तेवढं थांबायची विनंती त्या मुलीनंच केली आणि तेही थांबले. या वेळी ती म्हणाली, ‘‘दादा, इथं शिंजिराचं घर आहे.’’

मीही कवितेतला शब्द बदलला. यमक गेलं, जाऊ दे. मुलांनो, उद्या सकाळी जास्वंदीकडे पाहा, आणि आला तर त्याला त्याच्या नावानं हाक मारा.