भाऊजींचा पहिला भात

खिशात मोबाइल शोधू नका. खिशात रेशनकार्ड आहे आणि साल आहे 1973. जानेवारीतली संध्याकाळ. गिरगावातल्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, तुम्ही पितळी स्टोव्हसमोर उकिडवे बसला आहात. सौभाग्यवती बाळंतपणाला माहेरी, सांगलीला गेल्या आहेत. खानावळीच्या जेवणानं पोटाची वाट लागली म्हणून आज घरीच वरणभात करायचा, असा बेत आहे. मुहूर्तही हिशेबानं काढलाय. गेल्या ऑक्टोबरात मुंबईत दूरदर्शन सुरू झालं, मजल्यावर एकाच घरी संच आला, आणि या वेळेला सगळे तिथे खेटून बसलेले असतात. फजिती झालीच तर बघायला कुणी नाही.

आधी स्टोव्ह. बर्नरखालच्या खळग्यात स्पिरिट ओता, चावी सैल करून काडी लावा, ज्योत विझत आली की चावी आवळून पंप मारा. सोपं वाटतं ना? घाई केलीत तर बर्नर पुरता तापलेला नसतो, रॉकेलची वाफ होत नाही, कच्चं रॉकेलच पेटतं. तेच झालं. पिवळा जाळ तुमच्या भुवयांपर्यंत आला. चावी सोडा, हवा जाऊ द्या, पुन्हा पहिल्यापासून.

हात थरथरतायत, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ ही ओळ पेपरात तुम्ही कितीदा तरी वाचली आहे आणि पान उलटलंय. त्यातले सगळेच भडके स्टोव्हचे नसतात, हे चाळीत सगळ्यांना कळतं. बोलत कुणीच नाही. ज्या वस्तूपाशी बायको रोज दोनदा बसते तिच्याजवळ तुम्ही आज पहिल्यांदा बसलात.

दुसऱ्यांदा ज्योत निळी येते, स्टोव्ह घुमायला लागतो. आता फडताळातलं ‘रुचिरा’ काढा. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक 1970 साली आलं. तुमच्या प्रतीच्या पानांवर हळदीची बोटं उमटली आहेत. मजकूर वाचताना तुमचा जीव जरा भांड्यात पडतो, कारण मापं वाटी-चमच्याची आहेत. तुमची आई अजून शेर-पायलीत बोलते, 1962 पासून दुकानात किलोशिवाय दुसरं माप चालत नाही, आणि घरात तराजू तर नाहीच. वाटी मात्र प्रत्येक घरात असते. ती लहान की मोठी, यानं काही बिघडत नाही. तांदूळ आणि पाणी एकाच वाटीनं मोजलं की झालं. नवशिक्याला एवढा आधार पुष्कळ आहे. बाईंनी हे माप धरलं ही माझ्या मते त्या पुस्तकातली सगळ्यात मोठी युक्ती.

एक वाटी तांदूळ. खडे निवडा, चांगले निवडा, रेशनचा आहे. राज्यात दुष्काळ आहे, रेशनवर तांदूळ मोजकाच, बाकी अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी घ्या म्हणतात. पातेलं करपलं तर वाण्याच्या दारात उभं राहायचं आणि तो सांगेल तो भाव मोजायचा. म्हणूनच तुम्ही दर मिनिटाला झाकण उचलून बघताय. उचलू नका हो. वाफ जाते, वरचे तांदूळ कच्चे राहतात आणि तळाला जाळ लागतच असतो.

वास येतो. दूरदर्शन चालू असलं तरी वासाला कोण अडवणार?

“भाऊजी, काय लागलं?”

दारात शेजारच्या वहिनी. हातात लाटणं, महागाईविरुद्धच्या मोर्चात हेच घेऊन गेल्या होत्या, ते अख्ख्या मजल्याला ऐकवून झालंय. तुम्ही पुस्तक पाठीमागे लपवता. त्यांना ते दिसतं.

“दोन वाट्या पाणी घातलं होतं,” तुम्ही पुटपुटता.

“तांदूळ नवा की जुना, ते बघितलंत? जुना पाणी जास्त पितो. आणि हा जाळ केवढा! खाली तवा सारा.”

पातेल्याखाली तवा सारला की आच पसरते, तळ वाचतो. वहिनी वाटीभर गरम पाणी वरून फिरवतात, झाकण ठेवतात, झाकणावरही पाणी. थोड्या वेळानं एक शीत काढून तुमच्या बोटांत देतात. “दाबा.” शीत चेपतं, पण मधे पांढरा ठिपका कडक लागतो. “अजून आहे.” परत एकदा दाबायला लावतात. या वेळी ठिपका नाही. हा ठिपका कुठल्याही पुस्तकात सांगता आला असता, पण तो तुम्हाला डोळ्यांनी नाही, अंगठ्यानं कळला.

वरणाचं फारसं सांगण्यासारखं नाही, डाळ शिजली आणि घोटली. फोडणी मात्र ऐका. मोहरी, हिंग, हळद, मिरच्या आधीच हाताशी काढून ठेवा, कारण मोहरी तडतडल्यावर डबा उघडत बसलात तर हिंग-हळद पडेपर्यंत मोहरी काळी होते. तुम्ही गार तेलातच मोहरी टाकता. वहिनी कपाळावर हात मारतात, मग थांबतात. पहिला दाणा फुटतो, दुसरा उडून मनगटावर बसतो, तुम्ही ओरडता, आणि गॅलरीत दोन पोरं हसतात. म्हणजे संचासमोरून प्रेक्षक उठून इकडे आले आहेत.

“हळद! आता हळद!” एक पोरगं बाहेरून सूचना देतं.

खालचा थर करपला आहे, वरचा भात मोकळा. वहिनी वरचाच वाढतात आणि करपलेल्या पातेल्यात पाणी ओतून ठेवतात. तुम्ही दुसऱ्यांदा वरण घेता. त्या दारातून वळतात.

“उद्या पोळ्या. सातला कणीक मळून ठेवा, लाटणं मी आणते. आणि रॉकेल भरा, टाकीत थेंब उरला नसेल.”

तुम्ही स्टोव्ह हलवून बघता. खरंच नाही. डबा आणि कार्ड दाराशी काढून ठेवा; सकाळी रांग लवकर लागते.