मुशीचा पूर आणि पाहुणा इंजिनिअर

सन १९०८ च्या सप्टेंबर महिन्याच्या २८ तारखेस, सोमवारीं, हैदराबाद शहराच्या मधून वाहणाऱ्या मुशी नदीनें जो प्रलय मांडला, त्याची आठवण त्या शहरांत अद्यापि पुसलेली नाहीं. एऱ्हवीं मुशी म्हणजे एक साधी, उन्हाळ्यांत तर पायीं ओलांडण्याजोगी नदी. विकाराबादेजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरांत ती उगम पावते, शहराच्या थोडें अलीकडे इशी नांवाची नदी तिला मिळते, आणि पुढें बराच प्रवास करून ती कृष्णेंत विलीन होते. अशा नदीची धास्ती बाळगावी असें कोणाला वाटणार? तिच्या कांठाला लागून मोहल्लेच्या मोहल्ले वसलेले होते, आणि भिंती तर अगदीं पात्रांत उतरलेल्या.

त्या दिवशीं पहांटेपासून पाणी चढूं लागलें आणि संध्याकाळीं तें उतरूं लागण्यापूर्वीं शहराचा मोठा भाग नाहींसा झाला होता. मृतांचे आंकडे निरनिराळे सांगतात. सुमारें १९,००० घरें पडलीं आणि ८०,००० माणसें निराधार झालीं. अफजलगंजांतील एका मोठ्या चिंचेच्या झाडावर चढून दीडशें माणसांनीं जीव वांचविला; तें झाड पुढें उस्मानिया इस्पितळाच्या आवारांत आलें. उर्दू कवि अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी त्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. कुटुंबांत एकटे तेच उरले. नंतरच्या काळांत बांधलेल्या पुलांची पुरानें वाताहत केली, पण १५७८ सालीं कुतुबशाहींत उभारलेला पुराणा पूल मात्र जागचा हलला नाहीं. जुन्या गवंड्यांच्या कामाचें कौतुक करणाऱ्यांना ही गोष्ट सांगावयास आवडते, व तें कौतुक खोटेंही नव्हे.

त्या वेळचे निजाम मीर महबूब अली खान यांनीं नदीच्या कांठीं जाऊन तिला खण, साडी वाहिली व तिची शांति केली, अशी आख्यायिका हैदराबादेंत सर्वतोमुखीं आहे. ती खरी असो वा नसो, दरबारानें दुसरीही एक शांति करविली, आणि इतिहासाच्या दृष्टीनें ती अधिक मोलाची आहे. पुढें असा पूर येऊं नये म्हणून काय करावें, हें विचारण्यासाठीं संस्थानानें बाहेरचा एक इंजिनिअर सल्लागार म्हणून बोलाविला. ते म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

महाराष्ट्राला हे गृहस्थ परके नव्हते. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून १८८३ सालीं ते एल्‌. सी. ई. परीक्षेंत पहिले आले, आणि दुसऱ्याच वर्षीं नाशकास असिस्टंट इंजिनिअर म्हणून मुंबई सरकारच्या सेवेंत रुजू झाले. खानदेशांत पांजरा नदीच्या पाण्याशीं त्यांची पहिली झुंज झाली. पुण्याजवळ खडकवासल्याच्या धरणास त्यांनीं आपोआप उघडणारे दरवाजे बसविले. धरणाची भिंत न वाढवितां पाण्याची पातळी सुमारें आठ फूट उंच राहावी, आणि पूर आला कीं दरवाजांनीं स्वतःच वाट करून द्यावी, अशी ती योजना होती. परंतु हिंदी इंजिनिअरास वरच्या जागेपर्यंत पोहोंचण्याची वाट त्या काळीं बहुधा बंदच असे. १९०८ सालीं वयाची पन्नाशीही न गांठलेल्या विश्वेश्वरय्यांनीं मुंबईची नोकरी सोडली आणि ते परदेश पाहावयास निघाले. निजाम सरकारचा निरोप त्यांना तिकडेच मिळाला. एका सरकारनें ज्याला वरची खुर्ची दिली नाहीं, त्यालाच दुसरें सरकार समुद्रापलीकडून बोलावून आणतें, हा योगायोग मजेचा खरा.

१९०९ सालच्या एप्रिलच्या मध्यास ते हैदराबादेस दाखल झाले. त्यांच्याकडे सोंपविलेलें काम तिहेरी होतें: पडलेलें शहर पुन्हां उभारण्यास सल्ला व साह्य देणें, पुढील पुरांपासून शहराचें रक्षण कसें करावें याची योजना आंखणें, आणि शहराच्या सांडपाण्याची व्यवस्था सुचविणें. प्रश्न असे नेमके ठरवून द्यावयाचे, ही कामाची निम्मी सिद्धि होय. हल्लीं पुराच्या अभ्यासाचीं कामें निविदा मागवून मोठमोठ्या कंपन्यांकडे देतात. तेथेंही अहवाल किती जाड आला यापेक्षां त्याला कोणता प्रश्न विचारला होता, हें आधीं पाहावें लागतें. ‘नदीकांठीं भिंत किती उंच बांधावी?’ एवढेंच दरबारानें विचारलें असतें, तर उत्तर भिंतीचेंच आलें असतें.

पुराचा तपास करणाऱ्या इंजिनिअराचें काम कांहींसें फौजदारासारखें असतें. गुन्हेगार निघून गेलेला असतो. मागें राहतात त्या खुणा. घरांच्या भिंतींवर गाळाची रेघ कोठपर्यंत चढली, तें पाहून त्या वेळची पातळी ठरवावयाची. नदीच्या पात्राचे आडवे छेद घ्यावयाचे, पात्राचा उतार मोजावयाचा, आणि त्यांवरून पाणी किती वेगानें व किती गेलें असेल त्याचा हिशेब मांडावयाचा. मग पावसाकडे वळावयाचें. संस्थानांत पर्जन्यमापकें थोडीं होतीं, म्हणून शेजारच्या इलाख्यांतील पावसाच्या नोंदी मागवून ताडून पाहाव्या लागल्या. शमशाबाद येथील नोंद मात्र बोलकी निघाली: २४ तासांत १२.८ इंच, आणि ४८ तासांत जवळजवळ १९ इंच. मुशीचें शहराच्या वरचें पाणलोट क्षेत्र ८६२ चौरस मैलांचें. ऐन भरांत पुराचें पाणी दर सेकंदास ४,२५,००० घनफूट वाहत होतें, असा अंदाज निघाला. म्हणजे पाणलोटाच्या प्रत्येक चौरस मैलामागें सेकंदास सुमारें ५०० घनफूट!

एवढें पाणी केवळ पावसाचें होतें काय? या तपासांतील खरें मर्म येथें आहे. तेलंगणाची भूमि तळ्यांची. ओढ्यानाल्यांना मातीचे बांध घालून शेतीसाठीं पाणी अडविण्याची चाल तेथें काकतीयांच्या काळापासूनची. मुशीच्या या खोऱ्यांत मोजतां ७८८ तळीं निघालीं. चौरस मैलास जवळजवळ एक. हीं तळीं एकाखालीं एक अशीं माळेप्रमाणें असतात. वरच्याच्या सांडव्यावरून निघालेलें पाणी खालच्यांत येतें. पाऊस बेताचा असेल तोंवर ही रचना फार शहाणपणाची ठरते. पण वरचा एक बांध फुटला कीं त्यांतील सांठा एकदम खालच्या तळ्यावर कोसळतो; तें आधींच कांठोकांठ भरलेलें, त्याचा मातीचा बांध तो धक्का सोसत नाहीं. मग तिसरें, मग चवथें. त्या दोन दिवसांत २२१ तळीं फुटलीं. मुशीच्या खोऱ्यांत १८२ आणि इशीच्या खोऱ्यांत ३९. दर चार तळ्यांत एकाहून अधिक! शहरावर आलेला लोंढा आभाळांतून पडलेल्या पाण्याचा होता हें खरें, परंतु त्याला तसा जोर आणला तो माणसांनींच अडवून ठेवलेल्या पाण्यानें. हैदराबादेंतील लोक ज्या नदीला दोष देत होते, तिचा अपराध शहराच्या कित्येक मैल वर, खेड्यापाड्यांच्या शिवारांत घडला होता.

तेव्हां उपायही तेथेंच करावयास हवा होता. १९०९ च्या ऑक्टोबरच्या आरंभीं सादर केलेल्या अहवालांत विश्वेश्वरय्यांनीं शहराच्या वर दोन मोठे जलाशय बांधण्याची सूचना केली: एक मुशीवर, साडेआठ मैलांवर, दुसरा इशीवर, साडेसहा मैलांवर. मोठा पूर आला तर त्याचें पाणी या दोन जलाशयांनीं पोटांत घ्यावें आणि शहरांतील पात्राला झेपेल तेवढेंच सावकाश खालीं सोडावें. शहरांत नदीचे कांठ उंच व बांधीव करावे, त्यांवर रस्ते व बागा कराव्या, असेंही त्यांनीं सुचविलें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत ते म्हैसूर संस्थानचे चीफ इंजिनिअर होऊन गेले. म्हणजे हैदराबादेंतील त्यांचा हा मुक्काम उणापुरा सात महिन्यांचा.

सात महिन्यांच्या सल्ल्याचें काम व्हावयास मात्र अठरा वर्षें लागलीं. १९११ सालीं महबूब अली खान वारले आणि उस्मान अली खान गादीवर आले. १९१२ सालीं शहरसुधारणेचें मंडळ स्थापन झालें. मुशीवरील उस्मानसागर, ज्याला लोक गंडीपेट म्हणतात, तो १९२० सालीं पुरा झाला. इशीवरील हिमायतसागर १९२७ सालीं. नदीच्या कांठावर हायकोर्टाची व इस्पितळाची भव्य इमारत उठली. या कामांत संस्थानच्या इंजिनिअरांचे व हजारों मजुरांचे जे हात लागले, त्यांचीं नांवें विश्वेश्वरय्यांच्या नांवाखालीं झांकून गेलीं. पाहुण्याचें नांव राहतें आणि घरच्यांचें पुसतें, हें आपल्याकडे नेहमींचेंच.

एक पेंच मात्र त्या योजनेंतच होता. हे दोन जलाशय पूर अडविण्यासाठीं म्हणून निघाले, पण शहराला पिण्याचें पाणीही त्यांतूनच मिळूं लागलें. पूर अडवावयाचा तर जलाशयांत जागा रिकामी हवी. तहान भागवावयाची तर तो भरलेला हवा. पावसाळ्याच्या अखेरीस जलाशय भरून ठेवण्याची ओढ प्रत्येक अधिकाऱ्याला असते, आणि १९०८ चा पूर आला होता तो नेमका सप्टेंबरच्या अखेरीस. दरवाजे केव्हां व किती उघडावे हा निर्णय म्हणूनच धरणाच्या भिंतीइतका महत्त्वाचा ठरतो. जलाशयांच्या सभोंवार दहा किलोमीटरांच्या परिघांत बांधकामांवर १९९६ सालीं सरकारी हुकुमानें निर्बंध घातले गेले. ते उठविण्याचा हुकूम २०२२ सालीं निघाला.

त्यापूर्वीं, २०२० च्या ऑक्टोबरांत, हैदराबादेवर पुन्हां तसाच पाऊस कोसळला. त्या महिन्याच्या १३ तारखेस शहराच्या पूर्वेस घटकेसरच्या बाजूला एका दिवसांत सुमारें ३२ सेंटिमीटर पाऊस झाला, शमशाबादचे १२.८ इंच म्हणजे साधारण तितकेच. हिमायतसागराचे दरवाजे उघडावे लागले. परंतु पुष्कळसा पाऊस धरणांच्या खालीं, खुद्द शहरावर पडलेला. त्याला विश्वेश्वरय्यांचे जलाशय काय करणार? जुन्या शहराच्या दक्षिणेस पल्ले चेरुवू या तळ्याचा बांध फुटला, आणि चारपांच दिवसांनीं गुर्रम चेरुवूचा. एके काळीं त्या तळ्यांच्या खालीं भाताचीं खाचरें असत. त्या रात्रीं तेथें वस्ती होती.