वेगाची किंमत : डिस्कवरील मांडणीचा इतिहास

१/ भिवंडीच्या गोदामात एका ग्राहकाची खोकी दहा रांगांत विखुरली, तर हमाल कितीही चपळ असला तरी ट्रक उशिराच भरतो. संगणकाच्या डिस्कचा इतिहासही हेच सांगतो.

२/ जुन्या युनिक्समध्ये फाइलीचे ५१२ बाइटांचे तुकडे तबकडीभर विखुरत. वाचणारी भुजा धावतच राही; डिस्कच्या कमाल वेगापैकी अनेकदा २ टक्केच हाती येई.

३/ १९८४ मध्ये बर्कलीच्या मॅक्युसिक, जॉय, लेफ्लर व फॅब्री यांनी मोठे तुकडे जवळजवळ ठेवणारी रचना मांडली. वेग दहापटीपर्यंत वाढला.

४/ १९९३ मध्ये लिनक्सच्या ईएक्सटी-२ ने हीच गटवारी उचलली. मात्र बर्कलीची रचना फाइलींच्या नोंदी तत्काळ डिस्कवर उतरवी, ही सवडीने. म्हणून ती वेगवान ठरली, पण मध्येच वीज गेली तर नोंदी विस्कटण्याचा धोका वाढला.

५/ यावरचा उपाय आपल्या पेढ्यांना परिचित होता : व्यवहार आधी कीर्दीत टिपावा, मग खतावणीत चढवावा. विंडोजच्या एनटीएफएसने १९९३ मध्ये, लिनक्सच्या ईएक्सटी-३ ने २००१ मध्ये तसाच मार्ग धरला.

६/ म्हणून दोन प्रणालींच्या वेगाची तुलना वाचताना विचारावे : त्याच क्षणी वीज गेली असती, तर माहिती शाबूत राहिली असती काय?