बॅटरीवर चालणारी हत्यारे : सवलत यंत्रावर, खरी किंमत बॅटरीची

दसरा-दिवाळीच्या सुमारास देशभर होणाऱ्या सवलत विक्रीत कपडे व दूरचित्रवाणी संचांच्या जोडीला आता बॅटरीवर चालणारी ड्रिल, पेचकस आणि करवतीही ठळकपणे मांडलेल्या दिसतात. एकेकाळी खंडेनवमीला हत्यारांची पूजा करणाऱ्या कारागिरांपुरती मर्यादित असलेली ही साधने सामान्य कुटुंबांच्या घरात येऊ लागली आहेत. मुंबईची नागदेवी स्ट्रीट, दिल्लीचा चावडी बाजार किंवा बंगळूरचा एस. पी. रोड येथे प्रत्यक्ष न जाता घरबसल्या खरेदी करणाऱ्या ग्राहकांपुढे 'निम्म्या किमतीत' अशा जाहिराती वारंवार येतात. मात्र या व्यवहारात ग्राहक वरकरणी यंत्र खरेदी करीत असला, तरी पुढील काही वर्षांचा त्याचा खर्च यंत्रापेक्षा बॅटरीवर अवलंबून असतो. ही बाब ध्यानात न घेतल्यास सवलतीत घेतलेली वस्तू पूर्ण किमतीपेक्षाही महाग पडू शकते.

तारेपासून सुटका

अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकर कंपनीने १९६१ मध्ये निकेल-कॅडमियम बॅटरीवर चालणारे पहिले कॉर्डलेस ड्रिल बाजारात आणले. त्यानंतर सुमारे चार दशके याच प्रकारच्या बॅटरीचे वर्चस्व राहिले. जपानच्या सोनी कंपनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरीचे व्यापारी उत्पादन सुरू केले. २००३ मध्ये जर्मनीच्या बॉश कंपनीने 'इक्सो' हा लिथियम-आयन बॅटरीवरील छोटा पेचकस विक्रीस आणला, तर २००५ च्या सुमारास मिलवॉकी व मकिता या कंपन्यांनी अधिक ताकदीच्या यंत्रांसाठी हे तंत्र स्वीकारले. लिथियम-आयन बॅटरीच्या विकासाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

कॅडमियम हा विषारी धातू असल्याने युरोपीय संघाने कॉर्डलेस हत्यारांतील निकेल-कॅडमियम बॅटरीची सूट रद्द केली आणि ३१ डिसेंबर २०१६ नंतर अशा बॅटऱ्या बाजारात आणण्यास बंदी घातली. अतिशय स्वस्त दराने विकल्या जाणाऱ्या जुन्या संचांवर 'एनआय-सीडी' अशी अक्षरे आढळल्यास ते मागील पिढीतील तंत्र आहे, असे समजावे. अशा संचासाठी बदली बॅटरी मिळणे दिवसेंदिवस कठीण होत जाते.

खोक्यावरील आकडे

बॅटरीवर प्रामुख्याने दोन आकडे छापलेले असतात. व्होल्ट हा आकडा साधारणपणे यंत्राच्या ताकदीची श्रेणी दर्शवितो, तर अँपिअर-तास हा आकडा बॅटरीतील साठा दर्शवितो. या दोहोंचा गुणाकार केल्यास वॉट-तास मिळतात आणि बॅटरीत एकूण किती ऊर्जा मावते, हे कळते. १८ व्होल्ट व २ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ३६ वॉट-तास ऊर्जा मावते, तर १८ व्होल्ट व ४ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ७२. दोन संचांची तुलना करताना वॉट-तास हाच आकडा धरणे सोयीचे ठरते.

व्होल्टच्या आकड्यात मात्र फसगत होण्याचा संभव आहे. लिथियम-आयनच्या एका विद्युतघटाचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट असतो आणि पूर्ण चार्ज झाल्यावर तो ४.२ व्होल्टपर्यंत जातो. पाच घट एकामागे एक जोडले, की सरासरी १८ व कमाल २१ व्होल्ट होतात. त्यामुळे '१८ व्होल्ट', '२० व्होल्ट कमाल' आणि '२१ व्होल्ट' असे लिहिलेल्या तीन बॅटऱ्या प्रत्यक्षात सारख्याच पाच घटांच्या असू शकतात. त्याचप्रमाणे १२ व्होल्टची म्हणून विकली जाणारी बॅटरी बहुधा तीन घटांची, म्हणजे सरासरी १०.८ व्होल्टची असते. काही स्वस्त संचांवर ४८ किंवा ८८ असे मोठे आकडे आणि त्यापुढे 'व्हीएफ' ही अक्षरे छापलेली असतात. हे आकडे व्होल्टचे नव्हेत. बॅटरीच्या मूळ पट्टीवर वॉट-तासांचा उल्लेख नसेल, तर अशा आकड्यांवर विसंबून किमतीची तुलना करू नये.

सवलतीचा हिशेब

वेष्टित वस्तूवर कमाल किरकोळ किंमत छापणे कायद्याने बंधनकारक आहे आणि त्यापेक्षा अधिक दराने विक्री करता येत नाही. परंतु ही किंमत उत्पादक किंवा आयातदार स्वतः ठरवितो. एखादे यंत्र वर्षभर छापील किमतीच्या निम्म्या दराने विकले जात असेल, तर सणाच्या दिवशी जाहीर होणारी 'पन्नास टक्के सूट' ही सूट ठरत नाही. म्हणून टक्केवारीकडे न पाहता तीच वस्तू इतर दोन-तीन विक्रेत्यांकडे किती रुपयांना मिळते, हे पाहावे.

दुसरी बाब संचात काय समाविष्ट आहे, ही होय. 'सोलो' किंवा 'बॉडी ओन्ली' असा उल्लेख असल्यास खोक्यात बॅटरी व चार्जर नसतात. मकिता कंपनीच्या यंत्रांच्या क्रमांकाअखेरीस असलेले 'झेड' हे अक्षरही बहुधा हेच सांगते. समजा, एक ड्रिल दोन बॅटऱ्या व चार्जरसह ५,५०० रुपयांना मिळते आणि तशाच दुसऱ्या यंत्राचा केवळ सांगाडा २,८०० रुपयांना. दुसरे स्वस्त भासते. परंतु त्यासाठी २,४०० रुपयांची एक बॅटरी आणि १,४०० रुपयांचा चार्जर घ्यावा लागल्यास एकूण खर्च ६,६०० रुपये होतो आणि हाती बॅटरी एकच राहते. याउलट ज्याच्या घरी त्याच मालिकेची बॅटरी व चार्जर आधीपासून आहे, त्याला २,८०० रुपयांचा सांगाडा खरोखरच स्वस्त पडतो.

मालिका पाहूनच निवड

एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला सहसा बसत नाही. इतकेच नव्हे, तर एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही अदलाबदल होईलच असे नाही. बॉशच्या निळ्या रंगातील व्यावसायिक आणि हिरव्या रंगातील घरगुती यंत्रांच्या १८ व्होल्ट बॅटऱ्या परस्परांना चालत नाहीत. मकिताची १८ व्होल्टची 'एलएक्सटी' आणि ४० व्होल्टची 'एक्सजीटी' या मालिकाही वेगळ्या आहेत. पहिले यंत्र घेताना ग्राहक नकळत पुढील सर्व यंत्रांची मालिका निवडत असतो. म्हणून त्या मालिकेची सुटी बॅटरी आपल्या गावी किंवा जवळच्या शहरात मिळते काय आणि तिची किंमत काय, याची चौकशी खरेदीपूर्वीच करावी. मालिका बंद होत असताना उरलेला माल मोठ्या सवलतीत काढला जातो. तो घेतल्यास काही वर्षांनी सुस्थितीतील यंत्र केवळ बॅटरीअभावी निरुपयोगी ठरू शकते.

जुना साठा व बनावट बॅटरी

लिथियम-आयन बॅटरी वापरली नाही, तरी काळानुसार तिची क्षमता घटते. गोदामात दीर्घकाळ रिकाम्या अवस्थेत पडून राहिलेली बॅटरी कधी कधी चार्जर स्वीकारतच नाही. त्यामुळे निर्मितीचा महिना व वर्ष पाहणे अगत्याचे आहे. ऑनलाईन विक्रीच्या वेळी इतर बहुतेक तपशील संकेतस्थळावर दाखविणे नियमानुसार आवश्यक असले, तरी निर्मितीचा महिना व वर्ष यांना त्यातून वगळण्यात आले आहे. ही नोंद ग्राहकाला वेष्टनावरच पाहावी लागते. यास्तव माल हाती येताच, परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी, ती तपासावी आणि बॅटरी चार्ज करून यंत्र चालवून पाहावे.

मूळ कंपनीच्या बॅटरीसारख्या दिसणाऱ्या स्वस्त पर्यायी बॅटऱ्याही सर्रास विकल्या जातात. चांगल्या बॅटरीत प्रत्येक घटाचा दाब आणि तापमान यांवर लक्ष ठेवणारे मंडल असते. खर्च वाचविण्यासाठी ते गाळल्यास किंवा निकृष्ट घट वापरल्यास बॅटरी तापून पेट घेण्याचा धोका संभवतो. वजन हा येथे एक सोपा निकष आहे. या बॅटऱ्यांत सर्रास वापरला जाणारा '१८६५०' आकाराचा एक घट सुमारे ४५ ते ५० ग्रॅम वजनाचा असतो आणि त्याची क्षमता फार तर साडेतीन अँपिअर-तासांच्या आसपास असते. त्यामुळे ६ अँपिअर-तास असा दावा करणारी बॅटरी २ अँपिअर-तासांच्या बॅटरीइतकीच हलकी असल्यास तो दावा संशयास्पद मानावा. पुनर्भरणयोग्य सुवाह्य बॅटऱ्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १६०४६ हे मानक असून बॅटरीवरील नोंदणी क्रमांक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाईल अ‍ॅपवर पडताळून पाहता येतो. नूतनीकरण केलेला संच घेताना त्यातील बॅटरी नवी आहे की वापरलेली, हे लेखी विचारावे. बॅटरीवरील हमीची मुदत यंत्रावरील हमीपेक्षा कमी असू शकते, याचीही नोंद घ्यावी.

घराला कोणते यंत्र हवे?

फर्निचर जोडणे, बिजागऱ्या बसविणे, लाकडात वा पत्र्यात भोक पाडणे यांसाठी १२ व्होल्टचे साधे ड्रिल पुरेसे ठरते. विटांच्या भिंतीत भोक पाडण्यासाठी ठोके देणारे इम्पॅक्ट ड्रिल लागते. सिमेंट-काँक्रीटचे खांब व तुळया यांत वारंवार काम करावयाचे असेल, तर रोटरी हॅमर हे वेगळे यंत्र उपयुक्त असते. 'इम्पॅक्ट ड्रायव्हर' हे नाव इम्पॅक्ट ड्रिलशी मिळतेजुळते असले, तरी ते यंत्र स्क्रू व बोल्ट आवळण्यासाठी आहे. भिंतीत भोक पाडण्यासाठी ते घेऊ नये.

वर्षाकाठी भिंतीत आठ-दहा भोके एवढीच गरज असेल, तर तारेचे इम्पॅक्ट ड्रिल हाच काटकसरीचा मार्ग होय. त्याला चार्जरची गरज नसते आणि बॅटरी निकामी होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. बॅटरीच्या यंत्राचा लाभ जेथे वीज पोहोचत नाही अशा गच्चीवर, शेतावर किंवा भारनियमनाच्या वेळी होतो. भिंतीतील वायरला ड्रिल लागण्याची शक्यता असल्यास घराचा मुख्य वीजपुरवठा बंद करूनही त्याने काम करता येते, हा सुरक्षिततेच्या दृष्टीने मोठा फायदा आहे.

परदेशातून आणलेली यंत्रे

अमेरिकेतील नातलगांकडून अशी यंत्रे मागविणाऱ्यांनी चार्जरवरील विद्युतदाब आधी पाहावा. तेथील पुरवठा १२० व्होल्टचा, तर भारतातील २३० व्होल्टचा आहे. केवळ तेथील दाबासाठी बनविलेला चार्जर येथे थेट लावल्यास तो जळू शकतो. तसेच तेथील हमी भारतात लागू असेलच असे नाही. विमानप्रवासात सुट्या लिथियम बॅटऱ्या केवळ हातसामानात नेता येतात आणि १०० वॉट-तासांहून अधिक व १६० पर्यंतच्या बॅटरीसाठी विमान कंपनीची अनुमती लागते. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तासांची बॅटरी ९० वॉट-तासांची असल्याने मर्यादेत बसते, मात्र ६ अँपिअर-तासांची १०८ वॉट-तासांची असल्याने तिला अनुमती घ्यावी लागते. ड्रिल स्वतः मात्र हातसामानात न ठेवता नोंदविलेल्या सामानात द्यावे.

निगा व विल्हेवाट

लिथियम-आयन बॅटरी अतिउष्ण जागी ठेवू नये. विदर्भ, राजस्थान किंवा दिल्लीच्या उन्हाळ्यात बंद मोटारीत ती विसरणे हानिकारक ठरते. त्याचप्रमाणे हिमालयीन प्रदेशात शून्य अंशाखालील तापमानात ती चार्ज करू नये. काम संपल्यावर तापलेली बॅटरी थोडी थंड होऊ द्यावी व मगच चार्जरला लावावी. अनेक महिने वापर नसल्यास ती सुमारे निम्मी चार्ज करून कोरड्या, थंड जागी ठेवावी. फुगलेली, चेपलेली किंवा भिजलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये.

निकामी बॅटरी घरगुती कचऱ्यात टाकणे धोक्याचे आहे. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये ती इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून संकलन केंद्राकडे अथवा अधिकृत पुनर्प्रक्रियादाराकडे देणे ही ग्राहकाची, तर तिच्या संकलनाची व पुनर्प्रक्रियेची व्यवस्था करणे ही उत्पादकाची जबाबदारी आहे. देण्यापूर्वी बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी.

तक्रार कोठे करावी?

'फक्त दोन नग शिल्लक' अशी खोटी घाई निर्माण करणे किंवा न मागितलेली वस्तू यादीत घुसडणे यांचा समावेश ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांत तेरा फसव्या क्लृप्त्यांमध्ये करण्यात आला असून त्यांस मनाई आहे. ई-वाणिज्य नियम, २०२० नुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे अपेक्षित आहे. तेथे दाद न लागल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर संपर्क साधता येतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार दाखल करता येते. विक्रेत्याचे कार्यालय दुसऱ्या राज्यात असले, तरी त्यामुळे बाधा येत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. त्यासाठी बिल, खोक्यावरील छापील मजकुराचे छायाचित्र आणि बॅटरीचा क्रमांक जपून ठेवावा.