शक राजे, त्यांचे घोडे आणि आपली बुद्धलेणी

पंचांगात दरवर्षी 'शालिवाहन शके' छापले जाते. भारत सरकारनेही २२ मार्च १९५७ पासून शक संवतावर आधारित राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली. इ.स. ७८ पासून मोजल्या जाणाऱ्या या कालगणनेला ज्या शकांचे नाव आहे, ते मुळात मध्य आशियातील घोडेस्वार पशुपालक होते.

शक कोण होते?

गवताळ स्तेपी प्रदेशात घोड्यावर राहून कळप राखणे आणि धावत्या घोड्यावरून बाण सोडणे हे त्यांचे जगणे. इराणचा सम्राट दारयवहू याच्या शिलालेखांत 'टोकदार टोपीवाले शक' येतात. अल्ताई पर्वतातील पाझिरिक येथे शकांशी नाते असलेल्या लोकांच्या कबरी बर्फात टिकून राहिल्या. तिथे सरदारांसोबत खोगीर-लगामासह पुरलेले घोडे सापडले.

महाराष्ट्रातील शक

इ.स.च्या पहिल्या-दुसऱ्या शतकात क्षहरात घराण्याचा क्षत्रप नहपान पश्चिम महाराष्ट्रावर राज्य करीत होता. त्याचा जावई उषवदात शिलालेखात स्वतःला शक म्हणवतो. नाशिकच्या त्रिरश्मी बुद्धलेणीतील (लोक जिला पांडवलेणी म्हणतात) क्रमांक १० चे लेणे त्याने भिक्खू संघाला दिले. भिक्खूंच्या चीवरासाठी २,००० कार्षापण विणकरांच्या श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले. कार्ल्याच्या भिक्खूंना त्याने करजिक गाव दिले. म्हणून त्याला 'बौद्ध राजा' ठरवण्याची घाई मात्र करू नये. त्याच लेखांत त्याने ब्राह्मणांना तीन लाख गायी दिल्याचेही कोरले आहे.

कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांच्या माथ्यावर हत्तीस्वार आणि मागच्या बाजूला घोडेस्वार दिसतात. त्यांना शक समजण्याचे कारण नाही.

विजय आणि वर्णसंकर

गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी येथे नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या बहुतेकांवर सातकर्णीने आपला छाप मारला होता. त्याची आई गौतमी बलश्री हिने त्रिरश्मीवर लेणे दान केले. त्या लेखात शक-यवन-पल्हवांचा संहारक म्हणून मुलाचे गुणगान आहे, आणि त्याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला असेही म्हटले आहे. भिक्खूंना दिलेल्या लेण्यातच वर्णाभिमान कोरलेला आहे, हे आपण नीट वाचले पाहिजे.

पुढचा पुरावा आम्हा कोपरखैरण्याच्या लोकांना खाडीपलीकडेच, कान्हेरीला आहे. तिथल्या पाण्याच्या टाक्यावरील लेखानुसार वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी शकांच्या कार्दमक वंशातील, एका महाक्षत्रपाची मुलगी होती. बहुतेक अभ्यासक तो महाक्षत्रप म्हणजे रुद्रदामन मानतात. गिरनारच्या लेखात रुद्रदामनही सांगतो की सातकर्णीला दोनदा हरवले, पण जवळच्या नात्यामुळे संपवले नाही. म्हणजे संकर थांबवल्याचा अभिमान सांगणाऱ्या घराण्यातच दोन पिढ्यांच्या आत शक सून आली.

लोकस्मृतीतले शक

लोककथेत पैठणचा शालिवाहन मातीचे सैनिक आणि घोडे घडवून त्यांत प्राण फुंकतो. २०१७ च्या 'गौतमीपुत्र सातकर्णी' या तेलुगू चित्रपटात नहपान खलनायक आहे. कथेला शत्रू हवा असतो. दान, व्याज आणि सोयरीक तिच्यातून गळून पडतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातीविषयक निबंधात भारतीय लोकांच्या मिश्रणात सिथियनांचा, म्हणजे शकांच्याच कुळातल्या लोकांचा, उल्लेख केला आहे. या मिश्रणाची साक्ष आपल्या लेण्यांच्या भिंतींवर धम्मलिपीत आहे. 'मूळचे कोण आणि परके कोण' हा वाद आज पुन्हा पेटवला जात असताना तरुणांनी धम्मलिपी शिकून हे लेख स्वतः वाचावेत, असे आम्हाला वाटते. लेणी सहलीत फोटो काढून झाल्यावर त्या टाक्यापाशीही थांबा.