रुमालाखालचा भाव आणि मोबाईलवरचा भाव



बैलबाजारात दोन माणसं हातावर रुमाल टाकून उभी असलेली तुम्ही पाहिली असतील. रुमालाखाली बोटं दाबायची आणि त्यावरून भाव ठरवायचा. दलालाला कळतं, घेणाऱ्याला कळतं. ज्याचा बैल आहे तो मात्र तोंडाकडं बघत उभा. एके काळी नुसती जनावरंच नाही, शेतमालसुद्धा अडतीवर असाच रुमालाखाली विकला जायचा. पुढं बाजार समित्यांचे कायदे आले, 1963 चा महाराष्ट्राचा कायदा आला, आणि भाव उघड लिलावात, सगळ्यांच्या कानांवर पडेल असा पुकारायचा, ही रीत बसली. भाव उघड करा, ही मागणी अशी जुनी आहे. आज मोबाईलवर माल विकताना जे नियम आपल्याला पाळावे लागतात, त्यांचं मूळ तिथंच आहे.

विकत घेणाऱ्या बाईची अडचण तर दुहेरी होती. माप एक नव्हतं. चार शेरांची पायली म्हणायची, पण ह्या गावची पायली त्या गावात भरायची नाही. त्यात आपला मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. इथं हाली सिक्का, हद्दीपलीकडं इंग्रजांचा कलदार. सहा कलदार म्हणजे साधारण सात हाली. उमरीच्या बँकेवर 30 जानेवारी 1948 ला मुक्तिसंग्रामाच्या सैनिकांनी घातलेला छापा आपण सप्टेंबरात दरवर्षी भाषणांत ऐकतो, आणि ऐकावाच. पण त्याच काळात शेरभर तेलाचा खरा भाव काढायला एखाद्या बाईला किती हिशेब करावा लागत असेल, हे कोणत्याच भाषणात येत नाही.

1956 साली वजनमापांचा कायदा झाला, किलो-लिटर आले. 1957 पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. माप एक झालं. भाव मात्र दुकानदाराच्या तोंडातच राहिला.

मग 1972 चा दुष्काळ आला. सुकडी आणि मिलोची आठवण आपल्या सासवा अजून काढतात. धान्य महाग, तेल महाग, रॉकेल मिळेना. त्याच वर्षी मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बायका एकत्र आल्या आणि महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. हातात लाटणी घेऊन, थाळ्या वाजवत हजारो बायका रस्त्यावर उतरल्या. मंत्र्यांना घेराव घातले. चूल सांभाळणारी बाई सरकारला भावाचा जाब विचारते आहे, हे तेव्हा लोकांना नवं होतं. पुढं 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. कुटुंबांनी गट करून एकत्र सामान घ्यायचं, अशी तिची पद्धत. आपल्या गटांना ती ओळखीची वाटेल.

1976 साली वजनमापांचा नवा कायदा संसदेत झाला तेव्हा आणीबाणी होती आणि मृणालताई तुरुंगात होत्या. लाटणे मोर्चामुळंच कायदा झाला, असं मी म्हणणार नाही. पण भाव विचारणं हा बाईचा हक्क आहे, हे त्या मोर्चांनी गावोगाव पोचवलं होतं. त्या कायद्याखाली 1977 मध्ये पाकीटबंद मालाचे नियम आले : आत काय आहे, किती आहे, कुणी भरलं, किंमत काय, हे पाकिटावरच छापायचं. तरी पळवाट उरली. किमतीपुढं ‘स्थानिक कर वेगळे’ असं छापता यायचं, आणि कर किती ते पुन्हा दुकानदारच सांगायचा. 1990 मध्ये ती वाट बंद होऊन सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत, म्हणजे आपली एमआरपी, आली. मधेच 1986 ला ग्राहक संरक्षण कायदा झाला. म्हणून 24 डिसेंबरला आपण ग्राहक दिन पाळतो.

आता मोबाईलवरचं दुकान. इथं गिऱ्हाईक पाकीट हातात घेऊन उलटं करून बघू शकत नाही. म्हणून 1 जानेवारी 2018 पासून पाकिटावरची माहिती पडद्यावरही दाखवणं सक्तीचं झालं. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनी पुढचं सांगितलं : एकूण किंमत एका आकड्यात दाखवा, आणि त्यात माल किती, कर किती, पोहोचवणावळ किती, ते फोडून लिहा.

गटांच्या बैठकीत नेहमी विचारतात तेच उदाहरण घेऊ. हळदीच्या 200 ग्रॅम पाकिटावर 60 रुपये छापलेत. मोबाईलवर 55 ला विकली तर चालतं. 65 ला चालत नाही. पोहोचवणावळ 40 रुपये वेगळी घेता येते, पण ती आधीच दिसली पाहिजे. पैसे भरायच्या शेवटच्या पानावर अचानक वाढलेला आकडा म्हणजे नव्या जमान्याचा रुमालच. 2023 मध्ये केंद्र सरकारनं फसवणुकीच्या अशा 13 युक्त्यांची यादी काढून त्यांना मनाई केली. न मागितलेली वस्तू गुपचूप पिशवीत टाकणं, ‘शेवटची दोनच पाकिटं उरली’ असं खोटं घाबरवणं, ह्याही त्यातच. पाकिटावर मुद्दाम 120 छापून ‘निम्म्या किमतीत’ म्हणून 60 ला देणं ही खोटी सूट. मोठे विक्रेते करतात म्हणून आपण करायचं नाही. त्यांच्याकडं वकील असतात.

आता आणखी एक आकडा आला आहे, एककाचा दर. 200 ग्रॅमला 60 म्हणजे ग्रॅमला 30 पैसे. 500 ग्रॅमचं पाकीट 140 ला असेल तर 28 पैसे. पायलीच्या गोंधळाला मिळालेलं हे खरं उत्तर, असं मला वाटतं. किलोपेक्षा मोठ्या पाकिटावर हा दर किलोचा लिहायचा.

दुसऱ्याच्या ॲपवर माल ठेवला तरी माहिती खरी असण्याची जबाबदारी आपली, ॲपवाल्याची नाही. जावेला-नणंदेला गिऱ्हाईक बनवून स्वतःच्या मालाची तारीफ लिहून घेणंही ह्या नियमांत बसत नाही. आणि तक्रार आली तर 48 तासांत ‘मिळाली’ असं कळवून महिनाभरात ती सोडवायची असते. त्यासाठी गटातल्या एकीचं नाव आणि फोन मालासोबत दाखवावा लागतो. अध्यक्षाचंच नाव द्या असं काही नाही. जिचा फोन चालू असतो आणि जी शांतपणे बोलते, तिचं द्या. आपणच गिऱ्हाईक म्हणून फसलो तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे 1915. मराठीत बोललं तरी चालतं.