जबडा, पीयूषिका आणि रोजचे इंजेक्शन

एरवी लढायांवर बोलणारा हा निवृत्त फौजी आज जबड्यावर बोलणार आहे. कारण घरचेच आहे. माझ्या नऊ वर्षांच्या नातवाची उंची वाढेना. तपासणीत वाढीचे संप्रेरक, म्हणजे ग्रोथ हार्मोन, कमी निघाले. आता रोज रात्री एक इंजेक्शन, तेही काही वर्षे. सूनबाईंनी विचारले, "बाबा, त्याचा चेहरा बदलेल का हो? नेटवर मोठ्या हनुवटीचे फोटो पाहिले मी." मला उत्तर देता येईना.

त्या फोटोंतल्या आजाराला ॲक्रोमेगली हे नाव फ्रान्सच्या पिअर मारी यांनी १८८६ मध्ये दिले. हातपाय, नाक, खालचा जबडा वाढत जातो. लंडनमध्ये चार्ल्स बर्न या आयरिश 'राक्षसा'चा सांगाडा होता. १७८३ मध्ये तो वारला. मला समुद्रात पुरा, असे त्याने सांगून ठेवले होते. शल्यविशारद जॉन हंटर यांनी पैसे चारून मृतदेह मिळवला. मरणाऱ्याचा शब्द मोडणे मला फौजी म्हणून अजूनही पटत नाही. १९०९ मध्ये हार्वे कुशिंग यांच्यासमोर ती कवटी उघडली, तेव्हा पीयूषिका ग्रंथीची खोबण मोठी झालेली दिसली.

वयात आल्यावर हातापायांच्या हाडांची वाढ थांबते. खालच्या जबड्याच्या सांध्यापाशी मात्र वाढू शकणारी कूर्चा शिल्लक असते. म्हणून मोठेपणी संप्रेरक अती झाले, की उंची वाढत नाही, हनुवटी पुढे येते. नातवाचे नेमके उलट आहे. कवटी जवळपास वयाला साजेशी, पण चेहरा आणि विशेषतः खालचा जबडा लहान, दातही उशिरा. म्हणून तो दुसरीतला वाटतो. औषधाने जबड्याची मागची उंची हळूहळू भरून निघते. मात्रा अती झाली तर धोका आहेच. म्हणून अधूनमधून रक्त तपासून ती ठरवतात.

खरा धोका पूर्वी बाटलीतच होता. गाईडुकरांचे इन्सुलिन माणसाला चालले, पण त्यांचे वाढीचे संप्रेरक चालेना. १९५८ मध्ये अमेरिकेत मॉरिस राबेन यांनी मृत माणसांच्या ग्रंथींतून काढलेल्या संप्रेरकाने १७ वर्षांच्या मुलाची वाढ झाल्याचे प्रसिद्ध केले. पुढे तिथल्या सुमारे ७,७०० मुलांना सरकारी योजनेतून असेच औषध मिळाले. १९८५ मध्ये ते घेतलेले काही तरुण मेंदू पोखरणाऱ्या क्रॉइट्झफेल्ट-याकोब आजाराने गेल्याचे उघड झाले. पुरवठा थांबला. फ्रान्समध्ये तर शंभराहून अधिक जीव गेले. त्या आईबापांनीही उंची वाढावी म्हणूनच सुई टोचू दिली होती. त्याच वर्षी जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या संप्रेरकाला अमेरिकेत मान्यता मिळाली. नातवाचे औषध प्रयोगशाळेतले, त्यात मृतदेहाचा अंश नाही.

हे सगळे सूनबाईंना सांगितले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पहिली सुई तुम्ही द्याल का, बाबा? माझा हात थरथरतो." दिली. माझाही थरथरला. दातांच्या डॉक्टरांनी बाजूने काढलेला चेहऱ्याचा एक्स-रे फाइलला लावून ठेवला आहे.